फियाटमध्ये कुठलं इंजिन 'बसतं'?

"बसतंय की! आणा तुम्ही, बसवून देतो." जुन्या फियाटला दमदार इंजिन टाकायचं म्हणून गॅरेजात शिरलात की पहिल्या पाच मिनिटांत हे वाक्य ऐकू येतं. मिस्त्री खोटं बोलत नसतो. पद्मिनीचं बॉनेट उघडलं की आत इतकी मोकळी जागा दिसते की एखादं पोर आत उभं राहील. पण इंजिनाचं बसणं वरून ठरत नाही, ते खालून ठरतं. चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची परात, कुठे टेकतंय, स्टिअरिंगचा रॉड कुठून जातोय, गिअरबॉक्सची शेपटी गाडीच्या मधल्या बोगद्यात (फरशीच्या उंचवट्याखाली) कितपत शिरतेय, हे गाडीखाली आडवं झाल्याशिवाय कळत नाही.

मी हे पैसे मोजून शिकलो. भंगारात एक १३०० सीसीचं इंजिन स्वस्त मिळालं, गिअरबॉक्ससकट. टेम्पोत घालून आणलं, साखळीवर टांगलं, खाली सोडलं आणि चेंबर पुढच्या क्रॉस मेंबरवर, म्हणजे गाडीच्या पुढच्या आडव्या तुळईवर, टेकलं. अडीच सूत. पाव इंचाहून थोडं जास्त, तेवढ्यासाठी अडलं. गॅरेजवाल्याने गॅस कटर पेटवला होता. मी नको म्हणालो म्हणून त्याने फाउंडेशनखाली (इंजिन ज्या रबरी बैठकीवर टेकतं तिच्याखाली) पॅकिंग घालून इंजिन वर उचललं. मग एअर फिल्टर बॉनेटला लागायला लागला. तो बदलला. मग गाडी ताशी साठला गेली की मागच्या सीटखालून घुंई सुरू व्हायची, कारण गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडला होता. सात महिन्यांनी ते इंजिन मी घेतलं त्याच्या निम्म्या किमतीला विकलं. त्यानंतर दुसऱ्यांदा केलं ते नीट केलं, आणि ज्या क्रमाने करायला हवं होतं तो क्रम खाली देतोय.

हे सगळं फियाट ११०० डिलाइट, प्रीमियर प्रेसिडेंट आणि प्रीमियर पद्मिनी या तिघींना लागू आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून तयार होत गेलेली ही मुळात एकच गाडी, १९७४ मध्ये तिचं नाव पद्मिनी झालं. मूळ इंजिन १०८९ सीसी, ६८ मिलिमीटर बोअर, ७५ मिलिमीटर स्ट्रोक, चार सिलिंडर, ताकद ४० अश्वशक्तीच्या आसपास. गिअरचा दांडा स्टिअरिंगला, चारही चाकांना ड्रम ब्रेक, मागे पाटे, ताकद मागच्या चाकांना. शेवटची ही माहिती लक्षात ठेवा, निम्मी इंजिनं तिच्यामुळेच बाद होणार आहेत.

पहिली पायरी: आहे ते इंजिन खरंच संपलंय का?

दहापैकी सहा जणांना नवं इंजिन नको असतं, त्यांचं जुनं इंजिन थकलेलं असतं. खंबाटकीत दुसऱ्या गिअरवर रडत चढणारी फियाट नवी असताना अशी रडत नव्हती, हे आजोबांना विचारा.

कॉम्प्रेशन गेज कुठल्याही मिस्त्रीकडे असतो. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, डेल्कोकडे (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरकडे) जाणारी कॉइलची वायर सोडवा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि प्रत्येक सिलिंडरला सेल्फवर पाच-सहा फेरे द्या. चार आकडे लिहून घ्या. नुसता आकडा किती आला यापेक्षा त्यांच्यात फरक किती हे पाहा. दहा टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल घाला आणि पुन्हा मोजा. आकडा वर चढला तर रिंगा गेल्या, जागेवरच राहिला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडलेले असतील तर बहुधा हेड गॅस्केट.

रिंग-पिस्टन, व्हॉल्व्हचं काम, हेडचा प्लेन, कार्ब्युरेटरची सर्व्हिस, पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन: इतकं केल्यावर पद्मिनी जशी पळते ती पाहून बरेच जण इंजिन बदलायचा नाद सोडून देतात. सुटे भाग मिळतात, कारण मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने या इंजिनाला दीर्घायुष्य दिलं. शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली ती थेट २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याची भंगाराची दुकानं, तिथे अजून विचारलं तर मिळतं.

एवढं करूनही समाधान नसेल तर पुढे वाचा.

दुसरी पायरी: इंजिनाआधी आरटीओ

ही पायरी सगळे शेवटी करतात, आणि म्हणून अडकतात.

मोटार वाहन कायदा १९८८ मधलं कलम ५२ वाचा. उत्पादकाने मूळ ठरवून दिलेला तपशील आणि आरसीवरचा (नोंदणी प्रमाणपत्रावरचा) तपशील यांत तफावत येईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठासून सांगितलं. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीच्या मान्यताप्राप्त किटसाठी वेगळी वाट आहे. जुनं इंजिन जाऊन त्याच जातीचं दुसरं आलं, फक्त नंबर बदलला, तर परवानगी घेऊन आरसीवर नोंद करून घेण्याची पद्धत आहे. पण १०८९ सीसीच्या जागी १२९८ सीसी, वेगळ्या कंपनीचं, हे सरळ कलमात अडकतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

म्हणून ज्या आरटीओत गाडी नोंदलेली आहे तिथे आधी लेखी अर्ज करा: अमुक गाडी, अमुक इंजिन, अमुक सीसी, परवानगी मिळेल का. एजंटाचं "होतंय साहेब" आणि गॅरेजवाल्याचं "बसतंय साहेब" हे सख्खे भाऊ आहेत. दोघांच्याही शब्दावर पैसे सोडू नका. लेखी होकार हातात येईपर्यंत इंजिन विकत घ्यायचं नाही. नकार आला तर दोन रस्ते उरतात. पहिल्या पायरीकडे परत जाऊन मूळ इंजिनाचा जास्तीत जास्त कस काढायचा, किंवा ती गाडी सार्वजनिक रस्त्यावर न आणता ट्रॅकवर अन् खासगी आवारात चालवायची. गुपचूप बसवण्याचा तिसरा रस्ता लोक काढतात आणि अपघाताच्या दिवशी विमा कंपनीच्या सर्व्हेअरने इंजिन नंबर वाचला की तो रस्ता संपतो.

अजून एक. तुमची गाडी पन्नास वर्षांहून जुनी असेल तर थांबा. २०२१ च्या जुलैत आलेल्या नियमांनुसार अशा गाडीला विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. ती गाडी रोज वापरता येत नाही हे खरं, पण १९६८ ची डिलाइट, मूळ नंबराच्या इंजिनासकट घरात असेल तर तिला हात लावायचं पाप करू नका. शेवटच्या वर्षांतली एखादी मार खाल्लेली पद्मिनी घ्या आणि तिच्यावर प्रयोग करा.

तिसरी पायरी: किती ताकद?

नव्याने या नादाला लागलेला माणूस दीडशे अश्वशक्तीपासून बोलणं सुरू करतो. फियाटचं वजन नऊशे किलोच्या आसपास. तिच्यात साठ अश्वशक्ती घातली तरी ती दुसरी गाडी होते, ऐंशी घातली तर मूळच्या दुप्पट.

पण चाकं थांबवणारे ड्रम तेच असतात. वेग वाढला की थांबवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते: ताशी ६० वरून थांबवायला ब्रेकला जेवढं काम, ताशी ९० वरून त्याच्या सव्वादोन पट. मागचं हाउसिंग (मागच्या अॅक्सलची पेटी), तिच्यातले क्राउन-पिनियन हे गिअर, चाकांकडे जाणारे हाफ शाफ्ट हे सगळं चाळीस अश्वशक्तीच्या हिशेबाने बनलेलं. शिवाय पद्मिनीला शिडीसारखी वेगळी चॅसिस नाही. १९५३ च्या मूळ इटालियन फियाट ११०० पासून ही गाडी मोनोकॉक आहे, म्हणजे बॉडी हीच चॅसिस. पत्रा गंजलेला असेल तर जोरदार इंजिन तिला आतून पिळतं. दारं नीट लागेनाशी होतात, काचेच्या कोपऱ्याला रंगावर केसाएवढी भेग दिसते, ती खूण ओळखा.

माझं मत: पन्नास ते ऐंशी. त्यापुढे जायचं तर ते इंजिन बदलणं राहत नाही, नवी गाडी बांधणं होतं.

चौथी पायरी: मोजमाप

हे काम दोन रविवारांचं आहे आणि फुकट आहे, म्हणूनच कुणी करत नाही.

जुनं इंजिन बाहेर काढायच्या आधी गाडी सपाट जमिनीवर लावा. लेव्हल ट्यूब गॅरेजच्या फरशीवर ठेवून बघा, फरशी उतरती असेल तर सगळी मापं चुकतात. मग एका वहीत हे लिहून घ्या:

क्रँक पुलीचा मध्य जमिनीपासून किती उंच, आणि गिअरबॉक्सच्या शेपटीचा मध्य किती उंच. यातून इंजिन मागे किती कललंय ते कळतं. नवं इंजिन याच कोनात बसवायचं असतं, कारण प्रोपेलरच्या पुढच्या आणि मागच्या क्रॉसचे (सांध्यांचे) कोन एकमेकांशी जुळले नाहीत तर माझ्यासारखी घुंई ऐकावी लागते.

रेडिएटरपासून फायरवॉलपर्यंतचं अंतर. स्टिअरिंग बॉक्स कुठल्या बाजूला किती आत येतो. आपल्याकडे तो उजवीकडे, म्हणून ज्या इंजिनाचा एक्झॉस्ट उजवीकडे ते आधीच अर्धं अडचणीत. स्टिअरिंगचा रॉड पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून, दोन्ही टोकांना तो कुठे येतो त्याच्या खडूने खुणा करा. क्रॉस मेंबरच्या वरच्या कडेपासून क्रँकच्या मध्यापर्यंतची उंची, आणि क्रॉस मेंबर पुढून किती अंतरावर सुरू होतो.

हे शेवटचं माप सगळ्यांत मोलाचं. इंजिनाच्या चेंबरला एक खोल भाग असतो आणि एक उथळ. खोल भाग पुढे असतो, मागे असतो किंवा मधे. क्रॉस मेंबर जिथे येतो तिथे चेंबरचा उथळ भाग यायला हवा. बस, इतकंच. इंजिन पाहायला जाताना तुमच्या वहीतल्या मापांचा एक पुठ्ठा कापून न्या, बाजूने पाहिल्यावर दिसेल तसा क्रॉस मेंबरचा आकार. दुकानात टायरवर ठेवलेल्या इंजिनाखाली तो पुठ्ठा धरला की अर्ध्या मिनिटात निकाल लागतो. दुकानदार हसतात, हसू द्यात. चेंबर कापून, वेल्डिंग करून आकार बदलता येतो, पण आतला ऑइल पंपाचा पाइपही मग हलवावा लागतो, आणि त्यात चूक झाली तर घाटातल्या वळणावर इंजिन कोरडं पडतं. पहिल्या प्रयत्नात त्या वाटेला जाऊ नका.

आता मागच्या हाउसिंगचं गुणोत्तर. मागची दोन्ही चाकं उचला, न्यूट्रल करा, दोन्ही चाकं एकसाथ एक पूर्ण फेरा फिरवा आणि प्रोपेलरवरची खडूची खूण किती वेळा फिरली ते मोजा. समजा सव्वाचार फेऱ्यांहून थोडं जास्त, ४.३ धरू. टायरचा घेर समजा १.८ मीटर. चौथा गिअर एकास एक असेल तर ४,००० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला ४,००० फेरे) चाक मिनिटाला ९३० वेळा फिरतं, म्हणजे गाडी ताशी १०० च्या आसपास. एक्स्प्रेसवेवर तासभर ४,००० वर इंजिन ओरडत ठेवायचं का, हा प्रश्न इथे समोर येतो. पाचवा गिअर ०.८ चा असेल तर त्याच वेगाला ३,२०० वर काम भागतं. बहुतेकांना नव्या इंजिनातून हवी असते ती शांतता, आणि ती इंजिनाइतकीच पाचव्या गिअरातून येते. म्हणून इंजिन आणि गिअरबॉक्स यांचा विचार वेगवेगळा करायचा नाही.

पाचवी पायरी: उमेदवार

निस्सान ए-१२. प्रीमियरनेच १९८५ पासून ११८ एनई गाडीत हे इंजिन वापरलं. लोक एनई म्हणजे निस्सान इंजिन असंच सांगतात. ११७१ सीसी, ५२ अश्वशक्तीच्या आसपास, कार्ब्युरेटरचं, पुश-रॉडचं. आडवं नाही, उभं बसणारं, मागच्या चाकांना ताकद देणारं, गिअरबॉक्स जोडीला. वजनाने हलकं. वायरिंगमध्ये फियाटचा जुना मिस्त्री गोंधळत नाही. आकडा ऐकायला फार नाही, पण गाडी चालवून पाहा, जास्त आरपीएमला फिरायला हे इंजिन जितकं राजी असतं तितकं मूळ फियाटचं कधीच नव्हतं. पहिल्यांदा करणाऱ्याने हेच करावं असं मी म्हणेन. अडचण एकच, ११८ एनई स्वतःच आता दुर्मीळ होत चाललीय आणि चांगल्या अवस्थेतलं इंजिन शोधावं लागतं. गिअरचा दांडा मात्र स्टिअरिंगवरून खाली गाडीच्या फरशीवर येतो, त्यासाठी बोगद्याला भोक पाडावं लागतं. एस-वन या शेवटच्या काळातल्या पद्मिनीला कंपनीनेच खालचा गिअर दिला होता, तेव्हा फारसं मन खाऊ नका.

जिप्सीचं १३००. माझी दुसरी गाडी हीच. मारुती जिप्सीमध्ये आधी ९७० सीसीचं इंजिन होतं, ते इथे उपयोगाचं नाही. १९९० च्या दशकात १२९८ सीसीचं आलं, कार्ब्युरेटरवर ६० अश्वशक्ती. २००० च्या आसपास त्याला सोळा व्हॉल्व्ह आणि एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंधनाचं इंजेक्शन) मिळालं, ८० अश्वशक्ती. जिप्सीचा मोठा फायदा असा की इंजिन पुढे, उभं, आणि पाच गिअरचा बॉक्स त्याच्या मागे. फोर व्हील ड्राइव्हचा ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी पेटी, या बॉक्सला चिकटलेला नसतो, मधे एक छोटा शाफ्ट घालून वेगळा टांगलेला असतो. तो सगळा संच बाजूला ठेवला की गिअरबॉक्सच्या मागच्या फ्लॅंजला (बोल्टच्या भोकांच्या चकतीला) थेट तुमचा प्रोपेलर जोडता येतो. प्रोपेलर लांबीला कापून, फ्लॅंज बदलून, बॅलन्स करून घ्यावा लागतो. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात करून घेतला. तिथला टर्नर माप घेताना माझ्या वहीकडे बघत नव्हता, बोट फ्लॅंजच्या भोकांवरून फिरवत होता, आणि पाचव्या भोकाला थांबून म्हणाला, "हे अंडाकृती झालंय बघा." मी ती फ्लॅंज तीन वेळा पुसून पाहिली होती.

कार्ब्युरेटरवालं घ्या की एमपीएफआय? गाडी महिन्यातून चार वेळा चालणार असेल तर कार्ब्युरेटर. साठ अश्वशक्ती पुरते. एमपीएफआय घेतलं तर इंधनाची सगळी वाट बदलावी लागते. मूळ फियाटचा यांत्रिक पंप जेमतेम दाब देतो, इंजेक्शनला तीन बारच्या आसपास लागतो. म्हणजे टाकीत नवा पंप, जास्त दाबाचे पाइप, त्याच दर्जाचे क्लॅम्प. साध्या रबरी नळीवर कुणी काम भागवत असेल तर ती गाडी तिथून हलवा.

इको आणि व्हर्सा. व्हर्साचं १२९८ सीसी सोळा व्हॉल्व्ह, ८२ अश्वशक्ती. इकोचं ११९६ सीसी, ७३ अश्वशक्ती, २०२२ च्या नोव्हेंबरात नवं के मालिकेचं इंजिन येईपर्यंत. दोन्ही मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या. इको रस्त्यावर रग्गड, त्यामुळे सुटे भाग पुढची वीस वर्षं मिळतील. पण हे इंजिन ड्रायव्हरच्या सीटखाली बसण्यासाठी रचलेलं आहे. गिअरचं लिंकेज, हवेचे पाइप, सायलेन्सर, सगळं त्या जागेप्रमाणे वळवलेलं. मूळ गाडीत ते कोणत्या कलाने बसलंय ते काढण्याआधी मोजा, फोटो काढा. शिवाय इमोबिलायझर: किल्ली, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि त्यांच्यातली कुलपाची पेटी यांची एकमेकांशी ओळख असते. नुसतं इंजिन आणलंत तर सेल्फ फिरेल, इंजिन उठणार नाही. किल्लीसकट पूर्ण संच घ्या.

आता बाद होणारे. अॅम्बेसेडर आणि कॉन्टेसातलं इसुझु १८०० लोकांना मोहात पाडतं. उत्तम इंजिन, पण फियाटच्या नाकावर इतकं वजन आलं की पुढची स्प्रिंग बसते आणि वळताना गाडी सरळच जाऊ बघते. प्रीमियरने स्वतः १३७ डी नावाची डिझेल पद्मिनी काढली होती, १.३७ लिटरची. टॅक्सीला ठीक. दमदार इंजिनाच्या शोधात असलेल्याने तिच्याकडे का जावं?

सर्वांत जास्त फसवणारी म्हणजे पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांची इंजिनं: एस्टीम, स्विफ्ट, होंडा सिटी. ताकद भरपूर, भाव कमी, कारण भंगारात ढीग. पण ही इंजिनं आडवी बसतात आणि त्यांच्या गिअरबॉक्समध्येच डिफरन्शियल (दोन चाकांत ताकद वाटणारे गिअर) असतं. उभं करून मागच्या चाकांना जोडायचं तर दुसरा गिअरबॉक्स, मधे अॅडॉप्टर प्लेट, फ्लायव्हील, क्लच, सेल्फची जागा, सगळं नव्याने जुळवायचं. एस्टीमचं इंजिन जिप्सीच्याच घराण्यातलं, तिथे निदान जिप्सीचा गिअरबॉक्स डोळ्यांसमोर असतो. सिटीच्या जुन्या व्हीटेकची मात्र गंमत वेगळीच. ते इंजिन उलट दिशेने फिरतं. साध्या गिअरबॉक्सला जोडलंत तर एक गिअर पुढे आणि पाच मागे.

सहावी पायरी: विकत घेताना

इंजिन चालू गाडीत ऐकून घेता आलं तर सोनं. अपघातात मागून ठोकलेली गाडी हा सर्वांत चांगला माल, इंजिन शाबूत असतं आणि वायरिंग पूर्ण मिळतं. सुटं इंजिन असेल तर कॉम्प्रेशन गेज सोबत न्या, बॅटरी आणि जंप वायरही. ऑइलची टोपी उघडून आत बघा: दुधाळ मळी म्हणजे पाणी शिरलंय. क्रँक पुली हाताने पुढे-मागे ओढून पाहा, स्पष्ट हलली तर क्रँकचं थ्रस्ट बेअरिंग गेलं.

इंजिन नंबर ब्लॉकवर पंच केलेला असतो. तिथे घासल्याची, पुन्हा ठोकल्याची खूण दिसली तर भाव कितीही कमी असो, निघा. ज्या गाडीतून काढलंय तिच्या आरसीची प्रत, नोंदणी रद्द झाल्याचा कागद, आणि इंजिन नंबर लिहिलेलं पक्कं बिल. हे तीन कागद नसतील तर आरटीओत पुढचं काहीच होत नाही.

आणि मोठ्या पिशवीत हेही मागून घ्या, नंतर एकेक वस्तू इंजिनाच्या भावाने पडते: फाउंडेशनचे ब्रॅकेट, क्लच प्लेट आणि फ्लायव्हील, सेल्फ, अल्टरनेटर, स्पीडोमीटरची केबल किंवा सेन्सर, अॅक्सिलरेटरची केबल, एक्झॉस्टचा पहिला पाइप. वायरिंग कापून देत असतील तर नाही म्हणा, सॉकेटपासून सॉकेटपर्यंत अखंड हवं.

सातवी पायरी: इंजिन आत जाण्याआधीची कामं

इंजिनाला जेवढे पैसे गेले तेवढेच, बहुधा जास्तच, इथे जातात. आधीच वेगळे काढून ठेवा.

ब्रेक पहिले. मास्टर सिलिंडर दोन सर्किटचा करा, म्हणजे एक पाइप फुटला तरी दोन चाकं थांबतात. पुढे डिस्क बसवायची असेल तर ती कुठल्या गाडीची हे ठरवताना नकलचं (चाक ज्यावर बसतं त्या भागाचं) माप, बेअरिंगचं माप आणि चाकाच्या भोकांचं वर्तुळ तिन्ही जुळतंय का ते बघा. नुसती डिस्क रिमच्या आत मावली म्हणजे झालं नाही. ड्रमच ठेवणार असाल तर निदान लायनिंग, व्हील सिलिंडर आणि सगळे पाइप नवे. आणि मग वेगही त्याच बेताने ठेवा.

पत्रा. इंजिन बाहेर असताना पुढचे दोन्ही लेग (इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे पत्र्याचे उभे दांडे) टोकदार हातोडीने ठोकून बघा. जिथे आवाज बसका येतो तिथे रंगाखाली गंज आहे. त्याला पट्टी मारून चालत नाही, कापून नवा पत्रा.

रेडिएटर. जुन्याचा कोअर तीन-चार रांगांचा करून घेता येतो, किंवा इंजिनाबरोबरचाच रेडिएटर आणि विजेचा पंखा बसवता येतो. पंखा घेतलात तर डायनामो विसरा, अल्टरनेटर लागतोच. शिवाय बॅटरीपासून थेट जाड वायर, रिले आणि फ्यूज. फियाटच्या मूळ डॅशबोर्डमागच्या वायरिंगवर हा भार टाकला तर एक दिवस डॅशबोर्डातून धूर येतो. इंजिन आणि बॉडी यांच्यामधली अर्थची जाड पट्टी बसवायला विसरू नका. ती नसली की करंट अॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल लाल होते. हसू नका, मी पाहिलंय.

टाइमिंग बेल्ट, वॉटर पंप, मागचं ऑइल सील, क्लच बेअरिंग: इंजिन जमिनीवर असताना ही चार कामं दोन तासांची आहेत. आत गेल्यावर दोन दिवसांची.

आठवी पायरी: बसवणं

आधी रिकामा ब्लॉक आणि रिकामी गिअरबॉक्सची पेटी टाका. भंगारवाला तुटका ब्लॉक किलोवर देतो किंवा चार दिवसांसाठी उसना देतो. तो एक-दोन माणसांना उचलता येतो, पन्नास वेळा आत-बाहेर करता येतो. त्याच्यावर फाउंडेशनचे ब्रॅकेट टाके मारून ठेवा, पूर्ण वेल्डिंग नाही. इंजिनाचा कल वहीतल्या आकड्याशी जुळवा. चेंबर आणि क्रॉस मेंबर यांच्यात बोट आडवं जाईल एवढी जागा हवी, कारण ब्रेक मारला आणि वेग घेतला की इंजिन रबरावर हलतं. स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवा. खडूच्या खुणा आठवतात ना? बॉनेट लावून आत पिठाचा गोळा ठेवा आणि हळू बंद करा. गोळा किती दबला त्यावरून वरची जागा कळते. घरी कणिक मळलेली असतेच.

हे सगळं जमल्यावरच ब्रॅकेट पक्के वेल्ड करा, आणि ते करताना बॅटरी आणि असेल तर ईसीएम गाडीबाहेर. मग खरं इंजिन.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी प्लग काढून सेल्फवर फिरवत ऑइलचा दाब येऊ द्या. सुरू झालं की पहिली दहा मिनिटं नजर काट्यांवर, कान खाली. पहिली फेरी घराभोवतीच, गल्लीतून बाहेर नाही. पन्नास किलोमीटरला प्रोपेलरचे बोल्ट, फाउंडेशनचे बोल्ट आणि एक्झॉस्टचे नट पुन्हा आवळा, तिन्ही नक्की सैल झालेले असतात. पाचशेला ऑइल बदला आणि जुनं ऑइल पातेल्यात काढून त्यात लोहचुंबक फिरवा. चुंबकाला काळी मऊ साय लागली तर ठीक. बोटाला टोचणारे कण लागले तर गाडी तिथेच उभी करा आणि चेंबर उघडा.